सरांचं आयुष्य लिहून ठेवायचं असेल तर

सर गेले त्या आठवड्यात विभागाच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे दोन पानं मागितली होती. मी एका बैठकीत लिहून दिली. शिस्तप्रिय, विद्यार्थिप्रिय, साधी राहणी, यंत्र अभियंत्यांच्या तीन पिढ्या घडवल्या. छापून आल्यावर वाचलं आणि फार वाईट वाटलं. नाव बदललं असतं तर तो मजकूर कुठल्याही प्राध्यापकाला चालला असता. सरांनी असं प्रयोगाचं जर्नल कधीच पास केलं नसतं. समासात लाल पेन्सिलीने "निरीक्षण कुठे आहे?" एवढं लिहून परत दिलं असतं.

मग पुढची दोन वर्षं मी ते काम नीट केलं आणि सरांवर एक पुस्तिका काढली. ज्यांना आपल्या शिक्षकांसाठी असंच काही करायचं आहे, त्यांच्यासाठी माझी रीत सांगते. मेकॅनिकलच्या प्राध्यापकाचं आयुष्य कागदावर अर्धंच असतं. उरलेलं लॅबमधल्या सेटअपमध्ये, वर्कशॉपच्या कपाटात आणि इतरांच्या हातांच्या सवयींमध्ये असतं. त्यामुळे नुसती फाइल चाळून भागत नाही.

आवरू नका, आधी फोटो काढा

माणूस गेल्यावर खोली मोकळी करायची घाई असते. तुम्ही त्या घाईच्या आधी पोचा. मी काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, एवढंच म्हटलं, "काकू, मी काही नेणार नाही, आहे तसं बघते फक्त." त्या म्हणाल्या, "बघ, पण मला विचारत बस." हे फार चांगलं झालं, कारण पुढचे कित्येक तपशील त्यांच्याच तोंडून आले.

प्रत्येक खणाचा, प्रत्येक फळीचा फोटो काढा, वस्तू हलवण्याआधी. काय कशाशेजारी ठेवलंय ही स्वतःच एक माहिती असते. सरांच्या फळीवर स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांच्या तक्त्यांचं पुस्तक) आणि प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा यांच्यामध्ये एका पत्र्याच्या डबीत फुटकं बॉल बेअरिंग होतं. आवराआवर झाली असती तर ते पहिल्याच दिवशी भंगारात गेलं असतं. पुढे कळलं, की फटीगचा (पुन्हापुन्हा भार पडून धातू थकून तुटण्याचा) धडा सुरू करताना सर ते बेअरिंग पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत फिरवायचे आणि तोवर फळ्यावर एक अक्षर लिहायचे नाहीत.

कागदांवर खूण करायची तर पेन्सिलीनेच. गंजलेल्या पिना आणि स्टेपल काढून टाका, सेलोटेप अजिबात लावू नका. गुंडाळी झालेला जुना ट्रेसिंग पेपर जोर लावून उलगडला तर तुटतो. थोडाथोडा उघडून वजनाखाली काही दिवस ठेवा. अमोनिया प्रिंट, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या पद्धतीच्या प्रती, बाकीच्या कागदांपासून वेगळ्या ठेवा, त्या शेजारच्या कागदांवर डाग पाडतात आणि उजेडात उडून जातात. फॅक्सचे आणि इतर थर्मल कागद तर सगळ्यात आधी स्कॅन करा, ते आपोआप कोरे होत जातात.

विद्यार्थ्यांचे मार्क, शिफारसपत्रांच्या प्रती, कुणाच्या आजारपणाचे अर्ज असं बरंच काही सापडतं. ते वाचायचं नाही, छापायचं तर नाहीच. पाकिटात बंद करून घरच्यांच्या हवाली करा.

प्रमाणपत्रं नंतर, प्रश्नपत्रिका आधी

पदव्या, पुरस्कार, पेपरांची यादी हे एका दुपारचं काम आहे. फक्त प्रत्येक पेपराचं पहिलं पान स्वतः पाहा. परिषदेत वाचल्याचं साल आणि जर्नलमध्ये छापल्याचं साल वेगळं असतं, आणि बायोडेटात कधी एक असतं, कधी दुसरं.

खरं शिकवणं दिसतं ते प्रश्नपत्रिकांमध्ये. मी सरांच्या सगळ्या प्रश्नपत्रिका सालवार लावल्या. सुरुवातीच्या वर्षांत "सिद्ध करा", "आकृतीसह वर्णन करा" असे सरळ प्रश्न होते. मग एका वर्षापासून नवा प्रश्न येऊ लागला: "खालील आठ रीडिंगपैकी एक चुकीचं आहे. कोणतं, आणि कशावरून?" पुढे निवृत्तीपर्यंत हा प्रश्न एकदाही चुकला नाही. त्या वर्षी असं काय झालं होतं, हा माझ्या कामाचा पहिला खरा धागा ठरला.

लॅब मॅन्युअलच्या सगळ्या आवृत्त्या जमवा. नवी आली की जुनी फेकतात, त्यामुळे त्या विद्यार्थ्यांकडेच सापडतात. आणि विद्यार्थ्यांच्या वर्गातल्या वह्या मिळाल्या तर सोडू नका. म्युनिकच्या पॉलिटेक्निकमध्ये कार्ल फॉन लिंडे उष्मागतिकी शिकवायचे तेव्हा रुडॉल्फ डिझेल त्यांच्या वर्गात होता. वाफेचं इंजिन उष्णतेचा किती थोडा भाग कामात आणतं आणि कार्नो या फ्रेंच अभियंत्याच्या हिशेबाने जास्तीत जास्त किती आणता येईल, हे त्याने तिथे ऐकलं आणि तो विचार त्याच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. १८९७ मध्ये त्याचं इंजिन चाचणीत यशस्वी झालं. वर्गात नेमकं काय पोचलं हे सांगायला शिक्षकाच्या नोट्सपेक्षा विद्यार्थ्याची वही जास्त उपयोगी पडते.

रीडिंगची वही

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रयोग करणाऱ्या माणसाच्या वहीत तो स्वतःशी जे बोलतो ते दुसरीकडे कुठेच नसतं.

सरांबद्दल एक गोष्ट प्रत्येक बॅच सांगते. व्हेंचुरीमीटर म्हणजे मध्ये अरुंद होणारी, पाण्याचा प्रवाह मोजायची नळी. तिच्या प्रयोगात कोएफिशियंट ऑफ डिस्चार्ज, आमच्या भाषेत सीडी, म्हणजे प्रत्यक्ष गेलेलं पाणी भागिले हिशेबाने येणारं पाणी, १.०२ येत होता. घर्षण अजिबात नसताना जितकं पाणी जाईल त्याहून जास्त पाणी जातंय असा त्याचा अर्थ, म्हणजे अशक्य. सर आले, पाइपवर नुसता हात ठेवला आणि म्हणाले, "थ्रोटच्या टॅपिंगला बर आहे." म्हणजे नळीच्या सगळ्यात अरुंद भागात दाब मोजायला पाडलेल्या भोकाशी धातूची कोर राहिली आहे. उघडून पाहिलं तर खरंच बर होती! मला ही गोष्ट पाच जणांनी सांगितली आणि पाचही जणांनी ती आपल्याच बॅचची म्हणून सांगितली. पुस्तिकेची सुरुवात तिनेच करायची असं मी ठरवून टाकलं होतं.

मग वही सापडली. निळं कापडी पुठ्ठ्याचं बाइंडिंग, पानांवर पाण्याचे ओघळ. त्या प्रयोगाच्या नोंदी अकरा दिवसांच्या आहेत.

पहिल्या दिवशी सरांना मॅनोमीटरच्या (दाबातला फरक दाखवणाऱ्या पाऱ्याच्या उपकरणाच्या) नळीत हवा अडकल्याची शंका आहे. नळ्या सोडवल्या, पारा काढून गाळून पुन्हा भरला. आकडा तोच. तिसऱ्या दिवशी स्टॉपवॉच दुसऱ्या स्टॉपवॉचशी ताडून पाहिलं. चौथ्या दिवशी पाणी जमा करायच्या टाकीचं माप पुन्हा घेतलं, तर भिंती मध्यावर किंचित फुगलेल्या निघाल्या. वरच्या काठाला घेतलेलं माप म्हणून थोडं चुकत होतं. ती दुरुस्ती केली आणि सीडी थोडा वर गेला! इथे वहीत एक उद्गारचिन्ह आहे, संपूर्ण वहीतलं एकमेव. सहाव्या दिवशी मॅनोमीटरच्या दोन्ही बाजू अदलाबदल करून पाहिल्या. काही फरक नाही.

दहाव्या दिवशी थ्रोटचा तुकडा खोलला. नोंद अशी आहे: "काडीला कापूस गुंडाळून बोअरमधून ओढला. टॅपिंगच्या भोकाशी धागे अडकले." नजरेला काही दिसत नव्हतं, कापसाने दाखवलं. भोक पाडताना पाण्याच्या वाहत्या बाजूच्या काठाला धातूची बारीक कोर उभी राहिली होती. पाणी तिच्यावर आदळून भोकात थोडा जास्त दाब दाखवत होतं. थ्रोटचा दाब जास्त दिसला की मॅनोमीटरमधला फरक कमी दिसतो, हिशेबातला डिस्चार्ज कमी येतो आणि सीडी एकच्या वर जातो. अकराव्या दिवशी बर काढून रीमर (भोक नेमक्या मापाचं आणि गुळगुळीत करायचं हत्यार) फिरवल्यावरचं रीडिंग: ०.९७.

त्याखाली एक रेघ सोडून लिहिलंय: "या सेटअपवरची तीन वर्षांची जर्नल मी लाल रेघ मारून परत केली. मुलांनी पुढे आकडे जुळवून आणले आणि मी ते पास केले. चूक माझी."

तारीख पाहिली. तो नवा प्रश्न प्रश्नपत्रिकेत आला ते हेच वर्ष.

पाइपवर हात ठेवणाऱ्या जादूगारापेक्षा अकरा दिवस शोधणारा आणि मग असं लिहिणारा माणूस मला कितीतरी मोठा वाटतो. म्हणून कुठलीही ऐकीव गोष्ट छापण्याआधी तीन ठिकाणी तपासा: त्या काळातली लेखी नोंद, ते यंत्र, आणि त्या वेळी तिथे हजर असलेला माणूस. तिघांचं जुळलं तर लिहा. जुळलं नाही तर जे घडलं ते लिहा आणि लोक गोष्ट कशी सांगतात तेही नोंदवा, कारण ती का तयार झाली यातही सर दिसतात. मी त्या तीन वर्षांतल्या एकाला शोधून काढलं. तो म्हणाला, "सरांनी आम्हाला वर्कशॉपच्या दारात उभं करून सांगितलं होतं. आम्हाला तेव्हा काय बोलावं कळलं नाही. कुणीच काही बोललं नाही." पाइपवर हात ठेवायची गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती.

माणसांशी बोलताना

"सर कसे होते?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर "देवमाणूस" एवढंच येतं आणि संभाषण तिथेच संपतं. हातातलं, डोळ्यांसमोरचं विचारा. लेथ चालू असताना ते कुठल्या बाजूला उभे राहायचे? फळ्याचा कुठला कोपरा पुसू द्यायचे नाहीत? सेटअप बंद पडला की आधी कशाला हात लावायचे? व्हायवाला पहिला प्रश्न कोणता?

जाताना एखादी वस्तू न्या. वर्कशॉपमधले मामा पहिल्या भेटीत "काय सांगणार ताई, सर ते सर" यापुढे जाईनात. दुसऱ्या भेटीत मी सरांचा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सदऱ्याला पुसला, टेबलाच्या कडेला लावला, खिडकीकडे वळवला आणि एक डोळा मिटला. मग दीड तास बोलत होते. कापसाची काडी त्यांचीच युक्ती होती, हे मला तेव्हा समजलं. अशा वेळी नुसता आवाज रेकॉर्ड करू नका, हातांचा व्हिडिओ घ्या. कानस कशी धरायची हे शब्दांत सांगता येत नाही.

तो गुण्या मलाही ओळखीचा होता. आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्या सत्रात फायलिंगचा जॉब घेऊन गेले, तेव्हा आधीचे एक शिक्षक "राहू दे, झालंय तेवढं पुरे" म्हणाले होते. सरांनी जॉबच्या कडेला गुण्या लावला, उजेडाकडे धरला आणि मला विचारलं, "उजेड दिसतो का?" बारीक फट दिसत होती. "मग अजून झालेलं नाही." चार वेळा परत पाठवलं. पाचव्या वेळी उजेड दिसला नाही. माझ्याकडून कमी मागितलं नाही, याची किंमत मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कळली. तुमचा स्वतःचा असा प्रसंग असेल तर तो जरूर घाला, पण एकच. पुस्तिका त्यांची आहे.

ज्यांना सरांबद्दल राग आहे त्यांनाही भेटा. हे जड जातं. एका माजी विद्यार्थ्याचं सबमिशन सरांनी दोन दिवस उशीर झाला म्हणून नाकारलं आणि त्याचं वर्ष गेलं. तेव्हा त्याचे वडील दवाखान्यात होते. त्याने सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही. इतक्या वर्षांनीही सांगताना त्याचा आवाज बदलला. मी बाजू मांडायला गेले नाही, ऐकून घेतलं, लिहून त्याला वाचून दाखवलं आणि नाव न घालता त्याच्याच शब्दांत छापलं. काकूंनाही ते पान आधी दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "असू दे. खरं आहे."

घरच्या माणसांचं काम कुठेच नोंदलेलं नसतं, ते मुद्दाम शोधावं लागतं. सरांचा प्रबंध टाइपरायटरवर केलेला आहे. समीकरणांसाठी मोकळी जागा सोडून ती नंतर शाईने भरलेली. मी ती सरांचीच समजत होते. पण सरांच्या वहीतला ग्रीक न्यू (इंग्रजी व्हीसारखं दिसणारं अक्षर) टोकदार आहे आणि प्रबंधातला गोलसर. काकूंच्या हिशेबाच्या वहीत तसाच गोलसर वळणाचा इंग्रजी व्ही सापडला. विचारलं तर म्हणाल्या, "मग कोण लिहिणार? त्याचं अक्षर परीक्षकाला लागलं असतं का?" टायपिंगही त्यांचंच. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्यांच्यासाठी एक ओळ आहे, ती "सहनशीलतेबद्दल".

कारखान्यातली वर्षं

बहुतेक प्राध्यापक आधी कुठेतरी नोकरी करून आलेले असतात आणि चरित्रात ती वर्षं अर्ध्या ओळीत संपतात. तिथे थांबा. लुडविग प्रांट्ल डॉक्टरेटनंतर न्यूरेंबर्गच्या कारखान्यात होते. लाकडाचा भुसा आणि शेव ओढून घेणारी यंत्रणा सुधारायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे रुंद होत जाणाऱ्या नळीत दाब अपेक्षेइतका परत चढेना, कारण प्रवाह भिंतीला धरून न राहता तिच्यापासून सुटत होता. का सुटतो, हा प्रश्न घेऊनच ते शिकवायला गेले आणि १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणितज्ञांच्या परिषदेत त्यांनी बाउंडरी लेयरची, म्हणजे भिंतीलगतच्या प्रवाहाच्या पातळ थराची, कल्पना मांडली. तेव्हा तुमच्या सरांच्या नोकरीबद्दल विचारताना हुद्दा विचारू नका. तिथे काय बिघडलं होतं ते विचारा.

यंत्रांची नोंद

सेटअपचा नुसता फोटो पुरत नाही. मापांसह ड्रॉइंग करा, कुठला भाग कशाचा आहे ते लिहा, चालू असतानाचा व्हिडिओ घ्या, आणि आजूबाजूचंही नोंदवा: फरशी कसली, पंप कुठे बसवलाय, पाणी किती वेळ स्थिर होऊ द्यायचं. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८३ मध्ये ज्या टाकीत काचेच्या नळीतून रंगाची धार सोडून सरळ आणि खळबळता प्रवाह दाखवला, ती टाकी मँचेस्टरच्या विद्यापीठात अजून आहे. वेग, नळीचा व्यास आणि पाण्याचा चिकटपणा यांवरून काढलेला आकडा, आज ज्याला रेनल्ड्स नंबर म्हणतात, तो सुमारे १३,००० होईपर्यंत त्यांना प्रवाह सरळ ठेवता आला होता. पुढे त्याच टाकीवर लोकांनी करून पाहिलं तर तो आधीच बिघडू लागला. बाहेरच्या रस्त्यावरच्या वाहनांची थरथर टाकीपर्यंत पोचत होती. यंत्र तेच, पण भोवतालची शांतता गेली.

आणि सगळं एकाच जागी ठेवू नका. फ्रान्झ रूलो यांनी बर्लिनमध्ये यंत्रगतीचे आठशेहून अधिक नमुने जमवले होते. दुसऱ्या महायुद्धात त्यातले बहुतेक नष्ट झाले. पण त्यांच्या नमुन्यांच्या दोनशेहून अधिक प्रतिकृती अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने १८८२ मध्येच घेऊन ठेवल्या होत्या, म्हणून आज ते नमुने हाताने फिरवून पाहता येतात. तुमच्या स्कॅनची एक प्रत विभागात, एक ग्रंथालयात, एक घरच्यांकडे राहू द्या. फाइलींची नावं अशी द्या की तुम्ही नसताना दुसऱ्याला कळतील.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात करू नका. एका कामाच्या दिवसापासून करा, वाचणारा त्या लॅबमध्ये उभा राहिला पाहिजे. "पहिले", "एकमेव", "जनक" हे शब्द पुरावा नसेल तर काढून टाका. अवतरणचिन्हात तेच टाका जे तुम्ही ऐकलंय किंवा वहीत वाचलंय. शिष्यांची वंशावळ काढायची असेल तर पीएचडीवाल्यांच्या पलीकडेही जा. माझ्या तक्त्यात मामांकडे शिकलेले दोन टर्नरही आहेत, कारण गुण्या उजेडाला धरायची सवय त्यांच्यापर्यंत गेलेली आहे.

छापण्याआधी तीन जणांना वाचायला द्या: एक घरचं, एक विषयातलं, एक त्या यंत्रावर काम केलेलं. मी तिसऱ्याला छापल्यावर दिली. मामांनी पुस्तिका उघडून सरळ व्हेंचुरीमीटरचं ड्रॉइंग काढलं, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, थ्रोट साडेबारा नाही. रीमर फिरवल्यावर तेरा झाला." मी तो आकडा मॅन्युअलच्या जुन्या आवृत्तीतून घेतला होता. दुसऱ्या दिवशी दोघांनी लॅबमध्ये जाऊन तुकडा खोलला, मामांनी आतला कॅलिपर लावला. तेरा. पहिल्या छपाईच्या उरलेल्या सगळ्या प्रतींमध्ये मी तो आकडा लाल पेन्सिलीने दुरुस्त केला आहे.